भाचीस पत्र: हळद परदेशी पाठवण्याआधी

प्रिय बाळ,

जर्मनीच्या व्यापाऱ्याने तुझ्या हळद पावडरीचा नमुना मागवला, हे वाचून फार आनंद झाला. कागद कोणते लागतात, असं विचारलंयस. ते सांगतोच, पण नमुना रोजच्या दळणातलाच पाठव. खास निवडून, दोनदा चाळून पाठवलास तर मागणी त्याच प्रतीची येईल आणि पोत्यांनी तसा माल तुझ्याकडे नसेल.

कागद सोपे आहेत. विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड घरबसल्या मिळतो, फी 500 रुपये. हळद मसाल्यात मोडते, म्हणून मसाला मंडळाकडे निर्यातदार म्हणून नोंदणी कर. परकीय चलनाच्या व्यवहारासाठी बँक देते तो एडी कोड कस्टम्सकडे नोंदव. जीएसटीचं एलयूटी हे हमीपत्र भर, म्हणजे कर आधी भरून परताव्याची वाट बघायला नको. बाकीचं न्हावाशेवा बंदरातला चांगला सीएचए, म्हणजे कस्टम्सचा दलाल, बघेल.

खरं काम गिरणीत आहे. युरोपात हळदीतल्या अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला 10 मायक्रोग्रॅम, त्यातल्या बी-1 प्रकाराची फक्त 5. हे बुरशीचं विष. शिजवलेलं हळकुंड नीट वाळलं नाही किंवा पावसाळ्यात पोती ओल्या जमिनीला टेकली, की बुरशी धरते. मग दळून, चाळून, पुन्हा उन्हात घालूनही विष जात नाही. ते सगळ्या पोत्यांत सारखंही नसतं. तेव्हा एका पोत्यातली मूठभर हळद तपासून भागणार नाही. बऱ्याच पोत्यांतून थोडी थोडी काढ, एकत्र कर आणि एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठव. हे दळायच्या आधी, पाकिटं भरल्यावर नव्हे.

सौद्यात नुसत्या पिवळ्याधमक रंगावर जाऊ नकोस. बांगलादेशात 2019 साली संशोधकांनी दाखवून दिलं, की हळकुंडांना पॉलिश करताना लेड क्रोमेट हा शिशाचा रंग चोळला जात होता. लहान मुलांच्या मेंदूला शिसं किती घातक, हे तुला सांगायला नको. फिकट हळद घे, पण शिशाची तपासणी चुकवू नकोस.

आणि लॉटची वही आजपासून ठेव. शेतकरी कोण, गाव कोणतं, वाळवण कधी उतरलं, दळण कधी झालं, सगळं लिही. तोच लॉट नंबर पाकिटावर येऊ दे, नि प्रत्येक लॉटमधलं एक सीलबंद पाकीट मागे ठेव. तक्रार आलीच तर तेवढाच लॉट मागे घेता येईल. माल थोडा कमी पडला म्हणून दुसऱ्या लॉटची भर तर कधीच घालू नकोस. दुसरी खेप पहिलीसारखीच निघाली, तर तो व्यापारी तुला सोडणार नाही.

पैशाचं थोडक्यात. निम्मी रक्कम आगाऊ माग, उरलेल्या उधारीसाठी ईसीजीसीचा निर्यात विमा काढ. सुरुवात छोट्या पार्सलांनी कर. पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं त्यासाठीच आहेत. कंटेनरसाठी घर तारण ठेवायचा विचार आत्ता मनातही आणू नकोस. बँकेत जाशील तेव्हा आईला बरोबर ने, भागीदार म्हणून तिचीही सही लागेल.

तुझा,
मामा