परदेशात ‘आपलं’ केव्हा वाटतं?

प्रश्न : मुलगी दोन वर्षांपासून जर्मनीत आहे. नोकरी चांगली, पण म्हणते, “आई, इथं मी पाहुणीच.” तिला काय सांगू? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, याचं उत्तर तुमच्या गावाजवळच आहे. स्टालिनच्या राजवटीनं सोव्हिएत प्रदेशात हद्दपार केलेली हजारो पोलिश माणसं इराणमार्गे भारतात आली. त्यातली सुमारे पाच हजार, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांनी शाळा आपल्या भाषेत चालवल्या, चर्च उभारलं, नाटकं केली. आणि तरीही पुढे जगभर विखुरल्यावर त्यातले कितीतरी जण आयुष्यभर कोल्हापूरची आठवण जपत राहिले. वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे!

मला यातून एवढं दिसतं की आपलेपणासाठी आपली भाषा, आपले सण सोडावे लागत नाहीत. तुमच्या मुलीची परिस्थिती अर्थातच त्यांच्यासारखी नाही. ती स्वेच्छेनं गेली आहे, हवं तेव्हा परतू शकते. पण एकटेपणा खराच आहे, तो “होईल सवय” म्हणून उडवून लावू नका. ऑफिसबाहेर जर्मन बोलायला मिळेल असं काहीतरी तिनं धरावं, गायनमंडळ, खेळाचा क्लब, काहीही. गणपतीला मराठी मंडळात जावं आणि शेजाऱ्यांनाही बोलवावं. तुम्ही मात्र रोज फोनवर “परत कधी?” विचारू नका. झोप, भूक बिघडली असेल तर तिनं डॉक्टरांना लवकर भेटावं.