शिट्टी आणि टिक्

डॉल्फिन समुद्रात राहतो. त्याला पट्टा बांधता येत नाही. काठी उगारली, तर तो दूर निघून जातो. मग त्याला शिकवायचे कसे?

हवाई बेटांवर १९६०च्या दशकात कॅरन प्रायर या बाई डॉल्फिनना शिकवत. डॉल्फिन दूरवर उडी मारी. बक्षिसाचा मासा मिळेपर्यंत तो दुसरेच काही करू लागे. बक्षीस कशाचे, हे त्याला कसे कळणार? म्हणून उडी मारताच बाई शिट्टी वाजवत. मासा मागून मिळे.

हीच रीत कुत्र्यालाही चालते. शिट्टीऐवजी दाबताच 'टिक्' वाजणारी छोटी डबी घेतात. आधी नुसते 'टिक्' करून लगेच खाऊ द्यायचा. असे पुष्कळदा केले, की 'टिक्' म्हणजे खाऊ, हे कुत्र्याला कळते. मग खाऊ मुठीत धरा. कुत्रा हुंगेल, चाटेल, शेवटी पंजा मारील. पंजा लागला, त्याच क्षणी 'टिक्'! उशीर झाला, तर पंजा खाली ठेवल्याचे बक्षीस मिळेल. चुकला, तर रागावू नका. फक्त 'टिक्' करू नका.

पंजा आपणहून येऊ लागला, की 'हात मिळव' म्हणा. त्याआधी म्हणून उपयोग नाही. कुत्र्याला मराठी येत नाही, आणि उर्दूही येत नाही!