लघवीची घाई : गोळी सोडू नका, बदलून मागा

बैठक संपली की एखादी आजी मागे रेंगाळते. बाकीच्या गेल्या की हळूच सांगते, "बाई, लघवीला दम निघत नाही. मोरीपर्यंत जाईस्तोवर लुगडं भिजतं." पुढचं बोलणं बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "डॉक्टरांनी गोळी दिली होती, पण तोंडाला कोरड पडायची. मग दिली सोडून." सोडल्याचं तिनं डॉक्टरांना सांगितलेलं नसतं. आता ती पाणी कमी पिते, एसटीनं कुठं जात नाही, लग्नकार्य टाळते. वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, हा त्रास मुकाट्यानं सोसण्याची गरज नाही. एका गोळीचा त्रास झाला तर दुसरी असते.

आधी कारण शोधू

वारंवार लघवी होण्याची कारणं अनेक आहेत. म्हणून आधी लघवीची आणि रक्तातल्या साखरेची तपासणी करून घ्यावी. जंतुसंसर्ग किंवा मधुमेह निघाला तर उपचार त्याचा करावा लागतो. पुरुषांमध्ये प्रॉस्टेट ग्रंथी वाढली आहे का, हेही पाहावं लागतं. यातलं काही नसताना अचानक न थांबणारी घाई होत असेल, तर डॉक्टर त्याला 'ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर' म्हणतात. म्हणजे मूत्राशय पूर्ण भरण्याआधीच त्याचा स्नायू आवळतो.

गोळीनं तोंड का सुकतं?

ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन ही नेहमी दिली जाणारी औषधं. मूत्राशयाला 'आवळ' असा निरोप देणारं एक रसायन शरीरात असतं. या गोळ्या तो निरोप अडवतात. पण त्याच रसायनाच्या निरोपावर तोंडात लाळ सुटते आणि आतडी हलतात. म्हणून कोरड पडते, शौचाला कडक होते, नजर धूसर होते. म्हाताऱ्या माणसांत विसरभोळेपणा आणि गोंधळही वाढू शकतो. घरचे म्हणतात, "वय झालं आता." आम्ही म्हणतो, आधी गोळ्यांची पिशवी तपासा. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांचाही असाच परिणाम असतो, आणि त्या एकत्र घेतल्या की त्रास वाढतो.

काचबिंदू असेल किंवा लघवी तुंबत असेल, तर या गोळ्या सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

कमी त्रासाचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे त्याच औषधाची सावकाश विरघळणारी गोळी. ऑक्सिब्युटिनिनच्या साध्या गोळीपेक्षा तिनं तोंड कमी सुकतं. ती चावू नये, कुटू नये, अख्खी गिळावी.

दुसरा पर्याय म्हणजे मिराबेग्रॉन. जपानमध्ये 2011 साली आणि अमेरिकेत 2012 साली याला मान्यता मिळाली. आता ते आपल्याकडेही मिळतं. हे निरोप अडवत नाही, तर दुसऱ्या वाटेनं मूत्राशयाचा स्नायू सैल करतं, त्यामुळे त्यात जास्त लघवी मावते. तोंड सुकणं आणि बद्धकोष्ठता यात बरीच कमी. पण यानं रक्तदाब वाढू शकतो. दाब 180/110 किंवा त्याहून जास्त असेल तर हे घेऊ नये. बाकीच्यांनीही अधूनमधून दाब मोजावा. हृदयाच्या काही औषधांशी याचं जमत नाही, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. पूर्ण गुण यायला आठ आठवडेही लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. महाग वाटलं तर जेनेरिक मिळेल का, ते विचारा.

ज्यांचे दुष्परिणाम नाहीत असे उपाय

हे उपाय गोळीच्या आधी करावेत आणि गोळीसोबतही चालू ठेवावेत.

• घाई आली की धावू नका. जागीच थांबा, लघवी अडवताना आवळतो ते स्नायू पाच-सहा वेळा आवळून सोडा. घाईची लाट ओसरली की चालत जा.
• दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी वाढवा.
• चहा कमी करा. पाणी तोडू नका. लघवी घट्ट झाली की मूत्राशयाला जास्त टोचते. फक्त झोपण्याआधी दोन तास पिणं कमी करा.
• बद्धकोष्ठता होऊ देऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना

तीन दिवस वहीत लिहा : किती वाजता लघवीला गेलात, किती प्यालात, कितीदा कपडे ओले झाले. लिहिता येत नसेल तर नातवंडाला रेघा मारायला सांगा. ही वही समोर ठेवली की फार बोलावं लागत नाही, लाजही वाटत नाही. मग स्पष्ट सांगा, "या गोळीनं मला असा त्रास होतो, दुसरी द्या."

लघवीत रक्त दिसलं, थंडी-ताप आला, लघवी पूर्ण अडली किंवा पाय बधिर झाले, तर मात्र वहीची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.