आधी अर्थिंग, मग आवाज

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर वाजणाऱ्या गिटारची ओढ आमच्या इन्सुली-बांद्याकडच्या मुलांना आहे, यात नवल नाही. गोव्याची हद्द इथून जवळच. घरात आजोबांचा रेडिओ पडून असतो आणि त्यातूनच कुणीतरी अ‍ॅम्प्लिफायर बांधायला घेतं. मी जुने रेडिओ दुरुस्त करतो, म्हणून असे घरचे संच ‘आवाज सुधारून द्या’ असं सांगत माझ्याकडे येतात.

पावसाळ्यात जवळच्या वाडीतला एक मुलगा असाच संच घेऊन आला. आवाज कोंदट येतो, एवढीच त्याची तक्रार. बोलता बोलता म्हणाला, “काका, गाताना ओठ माईकाक लागलो काय चटको बसता.” मी आवाजाचा विषय तिथेच सोडला आणि मागचा पुठ्ठा खोलला. आत यूसीएच ४२, यूबीसी ४१, यूएल ४१ हे व्हॉल्व्ह होते.

यू या अक्षराने सुरू होणारे व्हॉल्व्ह एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या रेडिओंतले. अशा रेडिओत लाइनपासून वेगळं करणारा मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो. सगळे हीटर एकापुढे एक जोडलेले असतात आणि लाइनची एक वायर थेट चेसिसला गेलेली असते. प्लग उलटा बसला की चेसिसवर फेज येते. रेडिओ म्हणून ते चालून जायचं, कारण लाकडी खोका, बॅकेलाइटची बटणं आणि पाठीचा पुठ्ठा यांमुळे माणसाचा हात धातूला लागत नसे. गिटारच्या तारा मात्र केबलच्या जाळीतून सरळ अ‍ॅम्प्लिफायरच्या चेसिसला जोडल्या जातात. या मुलाने गिटार ग्रामोफोनच्या सॉकेटला लावली होती आणि त्या सॉकेटच्या आत एक छोटा कंडेन्सर होता. ०.०१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून २३० व्होल्टला एक मिलिअँपिअरहून कमी करंट जातो, म्हणून नुसता चटका बसत होता. तो जुना कागदी कंडेन्सर आतून शॉर्ट झाला असता, तर बोटं आणि ओठ यांच्यामध्ये पूर्ण लाइन आली असती.

त्या संचात मी काहीच सुधारलं नाही. मेन्स ट्रान्सफॉर्मर घालून ईसीसी ८३ आणि ईएल ८४ वर नवा बांधायला लावला. तीन पिनांचा प्लग घेतला, अर्थची वायर चेसिसला नट-बोल्टने घट्ट आवळली, फेजमध्ये फ्यूज टाकला. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी ओतत राहावं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तरच असले प्रयोग करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्लग काढला म्हणजे धोका संपला असं नाही. फिल्टर कंडेन्सरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट साठलेले राहतात. त्यांना समांतर २२० किलोओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टन्स कायमचा बसवा. ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मिनिटभरात रिकामा होतो. तरीही हात घालण्यापूर्वी दर वेळी मीटर लावून पाहाच.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुने कागदी कंडेन्सर ओल धरतात. दोन व्हॉल्व्हमधला कंडेन्सर गळू लागला की ईएल ८४ च्या ग्रिडवर डीसी पोचतो, प्लेट लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. ग्रिडवर चेसिसच्या तुलनेत शून्य व्होल्ट हवेत. अधिक व्होल्ट दिसले तर संच बंद करून तो व्हॉल्व्ह उपसा, पुन्हा चालू करून मोजा. व्होल्ट तरीही दिसले तर दोष कंडेन्सरचा, गेले तर व्हॉल्व्हचा. बऱ्याच वेळा ‘कोंदट आवाज’ म्हणतात तो हाच असतो.

एवढं झाल्यावर सुराकडे वळा, आणि सुरुवात स्पीकरपासून करा. लंडनमध्ये १९६२च्या सुमारास जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडर कंपनीच्या बासमन या संचावरून अ‍ॅम्प्लिफायर बांधला. सर्किट जवळजवळ तेच होतं. फेंडरला उघड्या पाठीच्या खोक्यात दहा इंची चार स्पीकर. मार्शलने बारा इंची चार स्पीकर बंद खोक्यात घातले, काही व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मरही वेगळे लावले. आवाज निराळाच झाला. रेडिओतला लहानसा स्पीकर काढून दहा किंवा बारा इंची लावला तर पाच वॅटचा संचही भरून वाजतो. ओहम मात्र ट्रान्सफॉर्मरला जुळणारे हवेत, आणि स्पीकर न जोडता संच कधीही वाजवू नका. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटतं.

मग ईसीसी ८३ चा कॅथोड. तिथे दीड किलोओहमला समांतर २५ मायक्रोफॅरड असेल तर खर्ज भरपूर येतो, छोट्या स्पीकरवर तो फाटतो. २५ चा कंडेन्सर काढून ०.६८ चा लावा, खर्ज आवरतो, वरचे सूर मोकळे होतात. एका वेळी एकच भाग बदला, वहीत लिहा, त्याच गिटारवर तीच धून वाजवून ऐका. सगळं एकदम बदललं की कशाने काय झालं ते कळत नाही. परदेशी महागड्या कंडेन्सरवर पैसे घालू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळणारा साधा ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर या कामाला पुरतो.

तुमच्या घरी जुन्या रेडिओला गिटार जोडलेली असेल तर आजच प्लग काढा, आणि व्हॉल्व्हवरचं पहिलं अक्षर वाचा. यू दिसलं, तर गिटार पुन्हा त्याला लावू नका.