शोधनिबंधांचा मोठा आकडा कसा वाचावा?

काही दिवसांपूर्वी वस्तीतल्या एका कुटुंबाने आमच्यापुढे एक रंगीत पत्रक ठेवले. घरातल्या आजींना गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. सरकारी रुग्णालयात त्यांचे किरणोपचार, म्हणजे ज्याला आपण ‘लाईट देणे’ म्हणतो, ते सुरू होते. पत्रकात एका खासगी उपचाराची जाहिरात होती आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘जागतिक कीर्तीचे कर्करोग संशोधक, ३०० शोधनिबंध, ५,००० सायटेशन्स.’ लाईट अर्धवट सोडून तिकडे जायचे, त्यासाठी दागिने गहाण ठेवायचे, असे मुलाच्या मनात होते. तो आम्हाला म्हणाला, “एवढे शोधनिबंध आहेत, म्हणजे माणूस खोटा कसा असेल?”

प्रश्न प्रामाणिक होता. म्हणून या वेळी आरोग्य पानावर आपण हे आकडे वाचायला शिकू.

हे आकडे म्हणजे काय?

संशोधक आपले काम लिहून वैद्यकीय नियतकालिकात छापतो, तो शोधनिबंध. छापण्यापूर्वी त्याच विषयातले इतर जाणकार तो तपासतात. पुढे दुसऱ्या संशोधकाने आपल्या लेखनात त्या निबंधाचा दाखला दिला, की त्याला सायटेशन म्हणतात. जितके दाखले, तितकी त्या कामाची दखल घेतली गेली, असे मानतात.

आणखी एक आकडा असतो, एच-निर्देशांक. तो २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. एखाद्याचे २० निबंध असे असतील की प्रत्येकाला निदान २० दाखले मिळाले आहेत, तर त्याचा निर्देशांक २०. निबंध शंभर असले, पण पाच किंवा अधिक दाखले मिळालेले निबंध पाचच असले, तर निर्देशांक पाचच. नुसते ढीगभर लिहून हा आकडा वाढत नाही.

पण दाखला म्हणजे शाबासकी नव्हे. चूक दाखवण्यासाठी दिलेला दाखलाही मोजला जातो. स्वतःच स्वतःचे दिलेले दाखलेही त्यात येतात. पैसे घेऊन, न तपासता काहीही छापणारी नियतकालिकेही आज पुष्कळ आहेत.

आकडा मोठा, काम खोटे

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात अनिल पोट्टी नावाचे कर्करोग संशोधक होते. गाठीतील जनुके तपासून कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल हे आधीच सांगता येते, असा निबंध त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली एका नामांकित नियतकालिकात छापला. त्याला शेकडो दाखले मिळाले. त्याच्या आधारावर खऱ्या रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. दुसऱ्या संस्थेतील बॅगरली आणि कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी मूळ आकडे पुन्हा मांडून पाहिले, तेव्हा त्यांना चुकांमागून चुका सापडल्या. २०१० मध्ये चाचण्या थांबल्या, २०११ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या चौकशी कार्यालयाने पोट्टी यांनी खोटी माहिती वापरल्याचा निष्कर्ष काढला. शेकडो दाखल्यांनी ती चूक पकडली नव्हती. ती दोन माणसांच्या चिकाटीने पकडली.

आकडा मोठा, काम खरे

आता आपल्या मातीतले उदाहरण घेऊ. डॉ. शंकरनारायणन हे जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्रान्समधील कर्करोग संशोधन संस्थेत होते. त्यांनी टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयातील सहकाऱ्यांसह तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. चार गट केले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या एकदाच केल्या, चौथ्या गटात तपासणी केली नाही. मग आठ वर्षे नोंद ठेवली. एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. २००९ साली हा निबंध छापला. त्याला हजाराहून अधिक दाखले मिळाले आहेत, आणि आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीचीच शिफारस करते.

दुसरा अभ्यास मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला, टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांचा. १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. गर्भाशयमुखाला सौम्य ऍसिटिक ऍसिड, म्हणजे व्हिनेगरसारखा द्रव, लावायचा आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे, इतकी साधी ही तपासणी. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी ती दर दोन वर्षांनी केली. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादेत हीच तपासणी एकदाच केली, तेव्हा असा स्पष्ट फायदा दिसला नव्हता. म्हणून कोणताही एक निबंध शेवटचा शब्द मानू नये.

आकड्यात न मोजलेल्या स्त्रिया

इथे एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. तुलनेसाठी दोन्ही अभ्यासांत हजारो स्त्रियांची तपासणी केली गेली नाही. त्यांना फक्त माहिती दिली गेली. तपासणीचा फायदा इतर देशांत आधीच दिसला असताना हे योग्य होते का, यावर वैद्यकीय नीतीच्या क्षेत्रात मोठा वाद झाला. आम्हालाही तो प्रश्न टोचतो. दाखले संशोधकाच्या नावावर जमा होतात. ज्या स्त्रियांच्या शरीरातून ते ज्ञान आले, त्यांचे नाव कुठेच येत नाही. त्या आपल्याच गावांतल्या, आपल्यासारख्याच वस्त्यांतल्या होत्या. म्हणून त्या ज्ञानावर पहिला हक्क आपला आहे, आणि कोणत्याही अभ्यासात सामील होण्यापूर्वी ‘मला काय मिळणार, काय नाही मिळणार?’ हे विचारण्याचाही.

पत्रक हाती आले, तर हे विचारा

१. या उपचारावरचे निबंध कोणते? ३०० पैकी एकाचे तरी नाव आणि वर्ष सांगा.
२. तो अभ्यास माणसांवर झाला, की प्रयोगशाळेतील पेशींवर आणि उंदरांवर?
३. किती रुग्ण होते? तुलनेला दुसरा गट होता का?
४. गाठ लहान झाली एवढेच, की माणसे जास्त जगली?
५. दुसऱ्या कुणी तो अभ्यास करून तसाच निष्कर्ष काढला का?

निबंधाचे नाव मिळाले, तर घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींना मोबाईलवर ‘पबमेड’ या मोफत सूचीत शोधायला सांगा. मागे घेतलेल्या निबंधावर तिथे तशी खूण असते. मग तो कागद घेऊन चालू उपचाराच्या डॉक्टरांना भेटा. त्यांना विचारल्याशिवाय उपचार मध्येच सोडू नका.

आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येक ताई-मावशीने सरकारी आरोग्य केंद्रात गर्भाशयमुखाच्या तपासणीची चौकशी करावी. पाळी गेल्यावर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, यापैकी काहीही असेल तर लाजू नका, थांबू नका.

त्या कुटुंबाने पत्रकावरच्या नंबरवर फोन करून पहिलाच प्रश्न विचारला : एका निबंधाचे नाव सांगा. नाव मिळाले नाही. ‘आधी पैसे भरा’ एवढेच उत्तर आले. दागिने घरातच राहिले आणि आजींनी आपले लाईट पूर्ण केले.