जुन्या मोटारीचे स्टिअरिंग : रंग द्यावा की चामडे चढवावे?

(कारागीर बंधूंसाठी एक धडा)

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाट आणि पद्मिनी गाड्यांवर कुशनवाले, रंगवाले, डेंटिंगवाले अशा कितीतरी कारागिरांची घरे चालली. अॅम्बॅसेडरचे उत्पादनही २०१४ साली थांबले. आजच्या नव्या गाड्यांत बरेचसे सामान कारखान्यातूनच तयार येते. त्यामुळे हातकामाला वाव उरला नाही, अशी तक्रार आपल्या अनेक बंधूंकडून ऐकू येते.

तक्रार खोटी नाही. पण हीच जुनी गाडी आज हौसेने जपणारा ग्राहकही आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये ठेवले. एवढा खर्च करणारा मालक गाडीच्या आतल्या कामावरही खर्च करतो, मात्र काम जाणणारा माणूस त्याला हवा असतो. अशा कामांपैकी एक लहान पण जोखमीचे काम म्हणजे झिजलेले, तडकलेले स्टिअरिंग नीट करणे. भांडवल थोडे लागते, कसब जास्त लागते. म्हणून त्याची माहिती येथे क्रमाने देत आहोत.

तडा का जातो?

जुन्या चाकाचे कडे म्हणजे आत लोखंडी सळई आणि तिच्यावर ओतलेले कडक प्लास्टिक किंवा कडक रबर. वर्षानुवर्षे ऊन खाऊन हे प्लास्टिक आकसते. लोखंड मात्र आकसत नाही. त्यामुळे प्लास्टिक ताणले जाते आणि शेवटी फाटते. हे तडे बहुधा आऱ्यांजवळ प्रथम दिसतात. तड्यातून हाताचा घाम आणि पावसाळ्यातली ओल आत जाते, सळई गंजते, गंज फुगतो आणि तडा आणखी रुंदावतो.

जुन्या गाड्यांना बहुधा पॉवर स्टिअरिंग नसते. गाडी वळवताना दोन्ही हातांचा पूर्ण जोर या कड्यावर येतो. तडकलेला तुकडा सळईवर ढिला झाला असेल, तर ऐन वळणावर तो मुठीत फिरतो. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही, ही गोष्ट कारागिराने आधी मनाशी पक्की करावी.

आधी तपासणी, मग भाव

ग्राहकाला भाव सांगण्यापूर्वी चाक हातात घेऊन पाहावे. चाक सपाट फरशीवर ठेवले असता चारी बाजूंनी टेकते का? टेकत नसेल तर सळई वाकलेली आहे. आरे जिथे कड्याला आणि मधल्या भागाला जोडले आहेत, तिथे वेल्डिंगला चीर आहे का? मधल्या भोकातील दाते झिजले आहेत का? यांपैकी एकही दोष आढळला तर त्या चाकावर रंग किंवा चामडे चढवू नये. ग्राहकाला दुसरे चाक शोधण्यास सांगावे. मुंबईत चोर बाजार आणि कुर्ला येथील जुन्या सामानाच्या दुकानांतून शोध घेता येतो.

दोष फक्त वरच्या प्लास्टिकचा असेल, तर दोन मार्ग आहेत. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर तडे भरून रंग द्यावा. गाडी रोज चालवायची असेल, हात घामट होत असतील, तर चामडे चढवणे सोयीचे. मात्र चामडे चढवायचे ठरले तरी आतले तडे आधी भरलेच पाहिजेत. या लेखातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच समजावे.

चाक काढताना

बॅटरीची तार प्रथम सोडावी, नाहीतर हॉर्नची तार कुठेतरी टेकून हॉर्न वाजत राहतो. पुढची चाके सरळ ठेवावीत. हॉर्नचे बटण काढल्यावर मोठा नट दिसतो. नट सोडण्यापूर्वी दांड्यावर आणि चाकावर समोरासमोर पंचाने खूण करावी. परत बसवताना आरे वाकडे दिसणे हे या खुणेच्या आळसाचे फळ असते. नट पूर्ण काढू नये. दोन-तीन आटे राखून ठेवावा, म्हणजे चाक एकदम सुटून तोंडावर येत नाही. मग पुलर लावावा. दांड्यावर हातोडा मारू नये, आटे आणि आतील भाग दोन्ही खराब होतात. हॉर्नचे बटण, कडी, स्प्रिंग सर्व एका पिशवीत ठेवून पिशवीवर ग्राहकाचे नाव लिहावे.

एक इशारा. ज्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे, ते चाक या पद्धतीने उघडू नये. आत स्फोटक भाग असतो. हे काम फक्त जुन्या, साध्या चाकांचे आहे.

रंगाचे काम

१) चाक साबणाच्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे. थिनर लगेच लावू नये. काही जुन्या चाकांचे प्लास्टिक थिनरने विरघळते. न दिसणाऱ्या जागी थेंब लावून पाहावा. फार जुन्या काही चाकांत सेल्युलॉइड असते, ते चटकन पेट घेते. त्यामुळे जवळ विडी-सिगारेट किंवा बर्नर नको.

२) तडा भरण्यापूर्वी तो मोठा करावा लागतो. नवख्याला हे उलटे वाटते, पण केसासारख्या चिरेत मसाला शिरतच नाही. हॅक्सॉच्या पात्याने किंवा तिकोनी कानशीने तडा सळईपर्यंत 'व्ही' आकारात उघडावा. सळईवरचा गंज खरवडून काढावा आणि उघड्या लोखंडाला गंजरोधक प्रायमर लावावा.

३) भरण्यासाठी दोन भागांचा इपॉक्सी वापरावा. दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावेत. लवकर वाळावे म्हणून हार्डनर जास्त घातल्यास काम बिघडते. पत्र्यावर लावायची लांबी येथे चालत नाही. ती ठिसूळ असते आणि थोड्याच दिवसांत तडकून निघते. मसाला कड्याच्या थोडा वर येईल इतका भरावा आणि चोवीस तास हात लावू नये.

४) अर्धगोल कानशीने आकार द्यावा. कड्याखाली बोटांसाठी खाचा असतील तर त्या गोल कानशीने पुन्हा उठवाव्यात. खाचा बुजवून टाकलेले चाक जाणकार ग्राहक लगेच ओळखतो. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर २४०, शेवटी ४०० व ६०० नंबरचा पाण्याचा पेपर. डोळे मिटून बोट फिरवावे. जोड बोटाला लागला तर रंगानंतर तो डोळ्यालाही दिसतो.

५) प्रायमरचे दोन पातळ हात, मधे घासणी, मग दोन भागांच्या पीयू रंगाचे तीन पातळ हात. पावसाच्या दमट दिवशी स्प्रे टाळावा, रंग दुधाळ पडतो. पीयूच्या हार्डनरची वाफ छातीला फार घातक आहे. तोंडाला रुमाल बांधून तिच्यापासून बचाव होत नाही. फिल्टरचा मास्क आणि मोकळी हवा दोन्ही हवेत. शागिर्द पोरांना तर मास्कशिवाय जवळ उभे करू नये.

६) रंग हाताला सुका लागला तरी आतून पक्का होण्यास वेळ लागतो. आठवडाभर गाडी चालवायला देऊ नये. घाई करून दिलेल्या चाकावर बोटांचे ठसे कायमचे उमटतात.

चामड्याचे काम

कुशनवाले आणि चपला-पिशव्यांचे काम करणारे बंधू यांच्या हातात हे कसब अर्धे आहेच. बाकी अर्धे मापाचे आहे.

चामडे सुमारे एक मिलिमीटर जाडीचे, मऊ पण घट्ट असावे. पोटाकडचा भाग ढिला असतो, तो टाळावा. सर्व तुकडे एकाच चामड्यातून, एकाच दिशेने कापावेत. चामडे कोणत्या जनावराचे आहे हे दुकानदाराला विचारूनच घ्यावे. डुकराच्या चामड्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या गटात दिसतात. आपल्यासाठी आणि आपल्या अनेक ग्राहकांसाठी ही खात्री आवश्यक आहे.

आता माप. समजा चाकाचा बाहेरचा व्यास ४० सेंटिमीटर आणि कड्याची जाडी २.२ सेंटिमीटर आहे. बाहेरचा घेर सुमारे १२६ सेंटिमीटर येतो, आतला मात्र सुमारे ११२. म्हणजे एकाच पट्टीला बाहेरून चौदा सेंटिमीटर जास्त ताणायचे असते. एक लांब पट्टी चढवली की आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात, त्याचे कारण हेच. म्हणून तीन किंवा चार तुकडे करून त्यांचे जोड आऱ्यांजवळ घ्यावेत. प्रत्येक तुकड्याला थोडाच फरक सोसावा लागतो.

पट्टीची रुंदी मोजपट्टीने ठरवू नये. कड्याभोवती मोजपट्टी ६.९ सेंटिमीटर दाखवते, पण एक मिलिमीटर जाड चामडे गुंडाळले की ७.२ लागतात. त्याच चामड्याची कातरण गुंडाळावी, कडा जिथे मिळतात तिथे खूण करावी आणि त्यातून तीन-चार मिलिमीटर कमी करावेत. ओढल्यावर कडा बरोबर मिळतात. आऱ्यांजवळचा आकार काढण्यासाठी कड्यावर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळून वर कागदी चिकटपट्टी लावावी, शिवणीच्या रेषेवर कापावी आणि सपाट करावी. नमुना तयार होतो.

जोडावरच्या कडा रापीने पातळ कराव्यात. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही काठांना आधी मशीनची एक शिवण घालावी. दोन्ही बाजूंचे टाके मोजून सारखे असावेत. मग हाताने शिवताना सुई चामड्यातून न घालता या टाक्यांतून ओवत जावी, म्हणजे चामडे फाटत नाही. मशीन नसेल तर आरीने चार-पाच मिलिमीटरवर सारखी भोके पाडावीत. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा, मेण लावलेला. सुती दोरा घामाने कुजतो.

चामडे कोमट पाण्याने ओलसर करून चढवावे, शिवण कड्याच्या आतल्या बाजूस ठेवावी, दर दहा टाक्यांनी ओढून घट्ट करावे. आऱ्यांजवळ सोल्युशनचा पातळ हात पुरे. सावलीत वाळवावे, उन्हात नाही. शेवटी दोन्ही हातांनी कडे पिळून पाहावे. चामडे केसभर जरी सरकले तरी शिवण उसवून पुन्हा घालावी. बाजारात मिळणारी तयार कव्हरे नेमकी इथेच कमी पडतात. ती हातात सरकतात.

मजुरीचा हिशोब

अनेक कारागीर सामानाच्या दुप्पट भाव सांगून मोकळे होतात आणि नुकसानीत जातात. उदाहरण म्हणून समजा, रंगकामाचे सामान ६०० रुपये, हातकाम नऊ तास, ताशी मजुरी १०० रुपये, दुकानभाडे व हत्यारांचा वाटा २०० रुपये. एकूण १७०० झाले. दुप्पट भावाने १२०० मिळतात. म्हणजे नफा दूरच, पदरचे ५०० गेले. काम आठवडाभर पसरलेले असते, म्हणून तास लक्षात राहत नाहीत. वहीत तास लिहिण्याची सवय करावी. आगाऊ रक्कम घ्यावी आणि परत देण्याची तारीख खरी सांगावी.

झाकलेला तडा

असा ग्राहक नक्की भेटेल जो म्हणेल, "उस्ताद, तडे राहू द्या, वरून चामडे चढवून द्या. कोण बघतो?" विकण्यासाठी गाडी सजवणारे तर हमखास असे सांगतात. पैसे तेवढेच, मेहनत अर्धी. पण गाडी विकत घेणाऱ्याला आतला तडा कधीच दिसणार नाही. तो त्याच्या मुलाबाळांना घेऊन घाटात वळेल, तेव्हा त्याच्या मुठीत आपले काम असेल. मालाचा दोष झाकून विकू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे तर दोष झाकणारे हात आपलेच असतील. असे काम नम्रपणे नाकारावे.

जो तडे भरून मगच चामडे चढवतो, त्याने बिलावर तसे लिहून द्यावे आणि भरलेल्या जागांचे फोटो ग्राहकाला द्यावेत. जुन्या गाड्यांचे मालक एकमेकांना ओळखतात. एका खऱ्या कामामागून दुसरे काम चालत येते, जाहिरातीची गरज पडत नाही. पहिला प्रयोग मात्र ग्राहकाच्या चाकावर करू नये. भंगारातले एक चाक घ्यावे, त्यावर हात बसवावा आणि मगच दुकानात पाटी लावावी.