घरी शिक्षण आणि शाळेचा दाखला

पाल्याचे नाव शाळेतून कमी करावे, यापुढे आम्ही त्यास घरीच शिकवू, असा अर्ज पालकाने दिल्यास मुख्याध्यापकांनी काय करावे? १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ च्या कलम १० नुसार ६ ते १४ वर्षे वयाच्या पाल्यास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. आणि या अधिनियमातील ‘शाळा’ म्हणजे मान्यताप्राप्त शाळा. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण अधिनियमात ‘शाळेत उपस्थित राहून अथवा अन्य प्रकारे’ असा पर्याय पालकांना दिलेला आहे. आपल्या अधिनियमात तो सर्वसाधारण पर्याय नाही.

अपवाद एकच. २०१२ च्या सुधारणेने बहुविकलांग व तीव्र दिव्यांग बालकांना गृहाधारित शिक्षण निवडण्याचा अधिकार मिळाला. हा अधिकार बालकाचा आहे. शाळेत उताराचा रस्ता नाही, विशेष शिक्षक नाही, म्हणून शाळेनेच हा पर्याय पालकांच्या गळी उतरविणे कायद्याच्या हेतूशी विसंगत होय.

कलम १० चे पालन न करणाऱ्या पालकास मात्र या अधिनियमात शिक्षा नाही. करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेवला होता. आज पालकास दंड नाही. प्रवेश, उपस्थिती व शिक्षण पूर्ण होणे यांची जबाबदारी कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका वा पंचायतीवर आहे. १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे हेही त्याचेच काम.

म्हणूनच ‘घरी शिकते’ एवढ्या शेऱ्यावर नोंद बंद करणे धोक्याचे आहे. सुशिक्षित पालकांनी विचारपूर्वक घरी शिकविलेले मूल आणि धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी घरी ठेवलेली १२ वर्षांची मुलगी, दोघांपुढे हाच शेरा पडतो. दुसरीच्या वाट्याला बहुधा पुस्तक येत नाही. २०१६ च्या सुधारित बालकामगार कायद्यानुसारही बालकाने कुटुंबास मदत करावयाची ती शाळेच्या वेळेनंतर वा सुट्टीत. तेव्हा असा अर्ज आल्यास मुख्याध्यापकांनी तो लेखी घ्यावा, पालकांशी बोलावे, गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे आणि शाळा व्यवस्थापन समितीतील एखाद्या सदस्याने घरी जाऊन यावे.

कलम ५ मधील दाखला दुसऱ्या शाळेत जाण्यासाठी आहे. त्या कारणासाठी तो मागितल्यास तात्काळ दिला पाहिजे, विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बालकास शाळेतून काढता येत नाही, ही गोष्टही नाव कमी करण्यापूर्वी ध्यानी घ्यावी. मूल परत आले तर कलम ४ नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते. वर्ष अर्धे सरले, ही सबब चालत नाही.

वयाची १४ वर्षे उलटल्यावर कलम १० चे बंधन उरत नाही. त्यानंतर १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावीस बसता येते; त्या वेळी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, तो पालकांनी जपून ठेवावा.